दत्तप्रभूंमागची गाय आणि दुधातले औषध



दत्तप्रभूंच्या तसबिरीपुढे हात जोडताना आपली नजर आधी तीन मुखांवर जाते, मग सहा हातांतल्या आयुधांवर, मग पायाशी बसलेल्या चार श्वानांवर. मागे गाय उभी असते. ती ‘आहे’ एवढंच बहुतेकांच्या लक्षात असतं. ती पृथ्वी आहे, ती कामधेनू आहे, श्वान म्हणजे चार वेद, असं आपण प्रवचनात ऐकतो आणि मान डोलावतो. मला त्यात काही खोडून काढायचं नाही. पण रूपकाचा अर्थ एकदा सांगून झाला की खरं जनावर बाजूला राहतं, असा माझा अनुभव आहे. या लेखापुरती मी गाय ही गायच धरणार आहे. तिच्यासोबत शेळी, मेंढी, ससा आणि घोडाही येतील.

प्रश्न असा. जनावराच्या पोटच्या गर्भात माणसाचे एखादे जनुक घालायचे, ते जनावर मोठे झाले की त्याच्या दुधात माणसाच्या रक्तातले एखादे प्रथिन उतरते, ते गाळून, शुद्ध करून औषध करायचे. हे धर्माला धरून आहे का? बँकेच्या काउंटरमागे आयुष्य गेलेल्या माणसाचा हा विषय नव्हे, असं कोणी म्हणेल. तो माझा कसा झाला ते पुढे येईलच.

आधी यातलं तंत्र थोडक्यात. औषधासाठी जनावराचं शरीर वापरणं नवं नाही. १९२२ साली कॅनडात टोरांटो इथे मधुमेहाच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं. पुढची साठ वर्षं जगभर इन्शुलिन मिळत होतं ते कत्तलखान्यातल्या गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या आपल्याच कितीतरी ज्येष्ठांनी ते रोज सकाळी टोचून घेतलं, आणि घेतलं ते बरंच केलं. १९८२ मध्ये जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं मानवी इन्शुलिन बाजारात आलं आणि हा प्रश्न हळूहळू मिटला. पण इन्शुलिन हे लहान प्रथिन. रक्तातली मोठी, गुंतागुंतीची प्रथिनं जिवाणूंना नीट जमत नाहीत. त्यांना सस्तन प्राण्याच्या पेशी लागतात. तेव्हा शास्त्रज्ञांच्या मनात आलं की रोज लिटरच्या मापात प्रथिन तयार करणारा कारखाना तर निसर्गानेच उभा केलेला आहे. त्याला आपण कास म्हणतो. दुधातलं एक मुख्य प्रथिन केसीन. त्याचं जनुक कासेतच चालू होतं. हे चालू करणारं बटण काढून माणसाच्या जनुकाला जोडलं, की ते प्रथिनही दुधातच उतरणार. बाकी शेळी शेळीच राहते. चारा खाते, रवंथ करते, बें बें करते.

स्कॉटलंडमध्ये १९९० साली ट्रेसी नावाची मेंढी जन्मली. तिच्या दर लिटर दुधात तीस ग्रॅमहून जास्त मानवी प्रथिन येत होतं, फुप्फुसांचं रक्षण करणारं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हॉलंडमध्ये असंच जनुक घातलेलं पहिलं वासरू झालं. दुधासाठी एवढा खटाटोप केला आणि झाला गोऱ्हा! त्याचं नाव हर्मन. त्याची गोष्ट पुढे सांगतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या चार्ल्टन गावच्या फार्मवर शेळ्यांच्या दुधातून अँटिथ्रॉम्बिन काढलं गेलं. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं हे प्रथिन काही जणांत जन्मतःच कमी असतं. अशा बाईचं बाळंतपण किंवा अशा माणसाचं ऑपरेशन म्हणजे जिवाशी गाठ. या औषधाला, एट्रीन त्याचं नाव, युरोपात २००६ मध्ये आणि अमेरिकेत ६ फेब्रुवारी २००९ रोजी परवानगी मिळाली. जनुक बदललेल्या जनावरापासून मिळालेलं हे पहिलं औषध. कंपनीचा हिशेब असा होता की एक शेळी वर्षभरात जेवढं अँटिथ्रॉम्बिन देते, तेवढं माणसांकडून मिळवायला नव्वद हजार रक्तदानं लागतील. मी हा आकडा तीनदा वाचला. आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात शंभर बाटल्या झाल्या तरी आम्ही पेढे वाटतो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप संकराचा. माणसाचा अंश जनावरात घालणं हे सृष्टीच्या मर्यादेबाहेरचं आहे, असं पुष्कळांना वाटतं. यावर मला एक उत्तर सुचलं होतं. तीन देवांची तीन मुखं एका देहावर पूजणाऱ्या आपण मिश्रणाला घाबरायचं कशाला? सभेत टाळ्या पडतील असं उत्तर आहे, पण ते सोडून दिलं. दत्तात्रेयांचं रूप हे भक्तांच्या दर्शनासाठी आहे. ते प्रयोगशाळेला दिलेलं प्रमाणपत्र नव्हे. खरं उत्तर साधं आहे. जनुक ही लिहिलेली सूचना असते आणि ती लिपी माणसात, शेळीत, दुर्वांत एकच आहे. एक ओळ उसनी घेतल्याने शेळीत माणूस शिरत नाही. तिला त्याचा पत्ताही नसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी देताना शेळ्यांच्या सात पिढ्यांच्या आरोग्याची माहिती तपासली होती आणि त्यात काही वावगं आढळलं नाही. तेव्हा ‘भ्रष्ट झालं’ या शब्दात मला फारसा अर्थ दिसत नाही.

दुसरा आक्षेप हिंसेचा. तो असा उडवून लावता येत नाही.

माझ्या भाचीच्या मुलाला हिमोफिलिया आहे. वय चौदा. या आजारात रक्त गोठवणारा एक घटक, फॅक्टर आठ, शरीरात तयारच होत नाही. नुसता अडखळून पडला तरी गुडघ्यात आतल्या आत रक्त उतरतं, गुडघा नारळाएवढा होतो आणि पोरगं रात्रभर कण्हत राहतं. फॅक्टरच्या इंजेक्शनवर बरं चाललं होतं. मग त्याच्या शरीराने बाहेरून दिलेल्या फॅक्टरलाच शत्रू ठरवलं आणि इंजेक्शन लागू पडेना. अशा मुलांना वळसा घालून जाणारं दुसरं औषध द्यावं लागतं, फॅक्टर सातवर आधारलेलं, आणि त्याची किंमत ऐकली की निवृत्त माणसाला आपली फंडाची रक्कम आठवते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत याच कामासाठी सशाच्या दुधातून काढलेल्या औषधाला परवानगी मिळाली. सेव्हनफॅक्ट त्याचं नाव. भाचीने ते कुठेतरी वाचलं आणि मला फोन केला.

“मामा, तुम्ही रोज पोथी वाचता. सशाचं दूध काढून केलेलं औषध उद्या आपल्याकडे मिळालं, तर द्यावं का हो त्याला?”

मी म्हटलं, “अगं, विचार करून सांगतो.”

“विचार करा मामा, पण लवकर करा. आज परत गुडघा सुजलाय.”

माझा या विषयाचा अभ्यास तिथून सुरू झाला. शोधता शोधता पहिली गोष्ट कळली ती ही, की तिच्या मुलाला आज जे औषध मिळतं तेही हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत तयार होतं. त्या पेशी पिढ्यानपिढ्या टाकीत वाढत आल्या आहेत. आज जनावर मारावं लागत नाही, पण मुळाशी जनावर आहेच. आणि जनावर नको म्हणून माणसाच्याच रक्ताकडे वळावं, तर तिथला इतिहास अंगावर काटा आणणारा आहे. हजारो दात्यांचं रक्तद्रव एकत्र करून फॅक्टर काढत असत. १९८० च्या आसपास त्यातून एड्सचा विषाणू गेला आणि एकट्या अमेरिकेत हिमोफिलियाचे जवळपास निम्मे रुग्ण बाधित झाले. औषध घेतलं हाच त्यांचा दोष. दुधाचा मार्ग शोधण्यामागे ही भीतीही होती. शास्त्रज्ञांना उगीच हौस आली म्हणून हे झालेलं नाही.

आपल्या घरचं उदाहरणही आहे. कोकणातल्या शाखेत असताना आमच्या शिपायाला भातलावणीत फुरसं चावलं. तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिविषाची लस होती म्हणून तो वाचला आणि पुढे माझ्याआधी निवृत्त झाला. ही लस येते कुठून? घोड्यातून. मुंबईच्या परळची हाफकिन संस्था हे काम कित्येक दशकं करत आली आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात, मात्रा वाढवत नेतात. घोड्याचं शरीर त्याला उत्तर तयार करतं, मग त्याचं रक्त काढून त्यातलं प्रतिविष वेगळं करतात. विष टोचलेल्या जागी गाठी येतात, सूज येते. वर्षानुवर्षं हे सोसणाऱ्या घोड्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे किती संसार या घोड्यांनी उभे ठेवले! आता कोणी मला सांगावं, की सुई खाणाऱ्या घोड्याचं रक्त चालतं आणि धार देणाऱ्या शेळीचं दूध चालत नाही. दुखण्याच्या मापाने पाहिलं तर शेळीचं काम पुष्कळ सौम्य आहे.

मग हरकत उरतेच कशाला? उरते. ती मला माझ्या बी. कॉम.च्या पुस्तकातून सापडली.

कॉस्टिंगमध्ये ‘नॉर्मल लॉस’ नावाचा प्रकार असतो. शंभर किलो माल भट्टीत घातला, नव्वद बाहेर आला, तर दहा किलो घट ही नेहमीचीच. ती वेगळी दाखवत नाहीत. तिचा खर्च नव्वद किलोवर पसरवून टाकतात आणि घट वहीतून नाहीशी होते. परीक्षेत हे गणित मी नेहमी बरोबर सोडवलं. पण मेंढ्यांच्या बाबतीत ही घट म्हणजे काय असते? डॉली मेंढीचं नाव सर्वांना माहीत आहे. ५ जुलै १९९६ चा तिचा जन्म. ती कशासाठी जन्माला घातली हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. दुधात औषध देणाऱ्या मेंढ्यांच्या हुबेहूब प्रती काढता याव्यात, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. जिच्यापासून ती केली ती पेशीसुद्धा कासेतलीच होती. २७७ अंडपेशींपासून सुरुवात झाली, त्यांतून २९ गर्भ मिळाले, ते तेरा मेंढ्यांच्या पोटी ठेवले आणि कोकरू जन्मलं एक. पुढच्या वर्षी पॉली आली, तिच्यात तर हिमोफिलियाच्याच दुसऱ्या प्रकाराला लागणाऱ्या फॅक्टर नऊचं मानवी जनुक होतं. या सगळ्या हिशेबात न रुजलेले गर्भ, मध्येच पडलेली पोटं, जनुक न उतरलेली कोकरं, दूध न देणारे नर हे सगळे नॉर्मल लॉस. औषधाच्या कुपीवर त्यांचं नाव नसतं, फक्त त्यांची किंमत असते.

हर्मनच्या बाबतीत हेच व्हायचं होतं. प्रयोग झाल्यावर असं जनावर मारून टाकावं असा तिथला कायदा. त्याला वासरं झाली, ती मारली गेली. हर्मनचीही पाळी आली तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला आणि डच संसदेत विषय जाऊन त्याला जीवदान मिळालं. शेवटची वर्षं तो लायडेनच्या संग्रहालयाकडे दोन गाईंच्या सोबतीने राहिला आणि सांधे पार झिजल्यावर २००४ मध्ये त्याला शांतपणे मरण दिलं. बैलाचं नाव ठाऊक झालं म्हणून बैल वाचला.

मेंढ्यांना नाव नव्हतं. डॉलीच्या संशोधनाशी जोडलेली जी कंपनी होती, पीपीएल थेराप्युटिक्स, तिने न्यूझीलंडमध्ये औषधी दुधाच्या मेंढ्यांचा मोठा कळप उभा केला होता. सुमारे तीन हजार. २००३ मध्ये बडी भागीदार कंपनी प्रकल्पातून बाहेर पडली, पैसा आटला, आणि कळप मारून टाकण्यात आला. बँकेत मी कर्जबुडवे कारखाने पाहिले आहेत. यंत्रं गंजतात, लिलाव होतो, भंगारवाला ट्रक आणतो. इथे यंत्रं श्वास घेत होती एवढाच फरक. मेंढ्या निरोगी होत्या. आजारी पडला होता ताळेबंद.

हे वाचून परदेशी लोकांना नावं ठेवायचा मोह होतो. पण मी बँकेत म्हशींच्या कर्जाची कागदपत्रं कित्येक वर्षं भरली आहेत. ग्रामीण विकास योजनेत म्हैस मिळे, विमा उतरे, कानात बिल्ला ठोकला जाई. म्हैस मेली की विम्यासाठी पुरावा म्हणून तो बिल्ला, पुष्कळदा कानासकट, फडक्यात गुंडाळून शाखेत येई. टेबलावर ते फडकं सोडताना जुने साहेबसुद्धा नाक दाबत. त्या अर्जात म्हैस किती दूध देते याला रकाना होता. रेडकाला रकाना नव्हता. मादी झाली तर ठीक, नर झाला तर त्याचं काय होई ते खेड्यातल्या कोणालाही विचारा. पान्हा फुटावा म्हणून दोन मिनिटं आचळाला लावायचा, मग ओढून खुंट्याला बांधायचा. दोन महिन्यांत तो आपोआप ‘जाई’. कोणी मारला नाही, म्हणून पाप कोणाच्या खाती नाही. जनुकं न बदलताही नॉर्मल लॉस आपल्या गोठ्यात होताच, आणि त्याच दुधाचा नैवेद्य आपण दाखवत होतो.

गुरुचरित्राच्या बाविसाव्या अध्यायातली वांझ म्हैस वाचकांना पाठच असेल. गरीब ब्राह्मणाच्या दारी श्रीनृसिंहसरस्वती स्वामी भिक्षेला आले आणि त्यांनी दूध मागितलं. घरात होती म्हातारी, दात पडलेली, कधी न व्यालेली म्हैस. ती माती वाहायला भाड्याने जायची, तेवढाच तिचा उपयोग. स्वामींच्या आज्ञेवरून बाई भांडं घेऊन बसली आणि दूध आलं. दुसऱ्या दिवशी मातीसाठी म्हैस न्यायला माणसं आली तेव्हा त्यांना परत पाठवलं, कारण ती आता दुभती होती. आपण हा अध्याय वाचतो तो चमत्कारासाठी, आणि त्या घरचं दारिद्र्य गेलं यासाठी. मला अलीकडे वेगळीच गोष्ट बोचते. भांड्यात दूध पडेपर्यंत ती म्हैस त्या घरात माती वाहण्यापुरतीच होती, आणि तिच्याकडे नीट पाहिलं ते एका भिक्षेकऱ्याने. उद्या ती पुन्हा आटली असती, तर नाकातली वेसण पुन्हा मातीकडे वळली असती का? पोथी ते सांगत नाही. पण विचारायला हरकत नाही.

भागवतातल्या अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत भुंगा आहे आणि मध काढून नेणाराही आहे. भुंगा फुलाला धक्का न लावता थोडं थोडं घेतो. दुसरा सगळं पोळंच नेतो. दोघांनाही मधच हवा असतो. अवधूताने दोघांकडून धडा घेतला, पण तो एकसारखा नव्हता. दुधातल्या औषधाला मी याच कसोटीवर पाहतो. औषध घ्यावं की न घ्यावं, हा प्रश्न माझ्यापुरता सुटला आहे. घ्यावं. भाचीला मी तसं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. चौदा वर्षांच्या पोराच्या गुडघ्यापुढे माझं सोवळं ठेवण्याइतका मी मोठा भक्त नाही, आणि महाराजांना तसं सोवळं आवडलं असतं असंही मला वाटत नाही.

सुटला नाही तो प्रश्न पुढचा आहे. घेतल्यावर देणं काय लागतं? यातही आपण अगदी कोरे नाही. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईत भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला तेव्हा लोक रस्त्यावर आले, पारशी बांधव सर्वांत पुढे. दंगल झाली. त्यातून दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी मुंबईची पांजरपोळ काढली. दूध आटलेल्या, लंगड्या, कोणालाच नको असलेल्या जनावरांसाठी. दत्तभक्तांनी हे जरूर लक्षात ठेवावं, की त्या संस्थेची सुरुवात गाईपासून नाही, श्वानांपासून झाली. व्यापारी माणसं ती, नफातोटा त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळत होता. तरी एक खातं त्यांनी असं उघडलं की ज्यात फक्त नावेच टाकायचं, जमा कधीच व्हायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे खातं दानधर्मावर न सोडता औषधाच्या किमतीतच धरावं. बँकेत आम्हाला पेन्शन लागू झाली १९९५ च्या नियमांनी. त्याआधी हाच वाद झाला होता, की काम संपलेल्या माणसाचा खर्च संस्थेने का सोसायचा. उत्तर असं ठरलं की तो खर्च कामाच्या काळातच बाजूला काढून ठेवायचा, त्याला प्रोव्हिजन म्हणतात. शेळी दुधावर असताना तिच्या म्हातारपणाची, तिच्या बिनकामाच्या करडांची आणि कंपनी बुडाली तर अख्ख्या कळपाच्या चाऱ्याची रक्कम आधीच वेगळ्या ट्रस्टमध्ये ठेवायची आणि तिच्यावर सावकाराचा हक्क चालू द्यायचा नाही. परवानगी देतानाच सरकारने ही अट घालावी. औषध महाग होईल, हा आक्षेप मला मान्य नाही. नव्वद हजार रक्तदानांचं काम जी शेळी एका वर्षात करते, तिला दूध आटल्यावर आठ-दहा वर्षं लागेल तो पाला, खुराक, पाणी आणि डोक्यावर पत्रा. कोणत्याही शाखेतल्या कारकुनाला कागदावर मांडून पाहू द्या. कुपीमागे किती पैसे पडतात ते पाच मिनिटांत निघेल.